शामाचा निरोप समारंभ

जगातल्या बायकांच्या टेनिसचा मोसम जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू होतो, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांची विमानाची तिकिटं दुसरं कोणीतरी काढत असतं. फेब्रुवारीत मोसम दोहा-दुबईला उतरतो, मार्चमध्ये अमेरिकेत ऊन खातो आणि एप्रिलपासून युरोपच्या तांबड्या मातीत लोळतो. पॅरिसच्या ऐन तोंडावर, मोठ्या खेळाडूंना कुठे ना कुठे दुखायला लागतं त्या आठवड्यात, तो आमच्या मोरोक्कोतल्या टँजियरला येतो. आम्ही त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणतो. खेळाडू त्याला सराव म्हणतात.

आमच्या शामा तेमसमानीचा मोसम वेगळा. तो मोनास्तीरच्या छोट्या स्पर्धांत, हॉटेलांमागच्या कोर्टांवर सुरू होतो, जिथे प्रेक्षक म्हणून दोन मांजरं आणि एखाद्या रशियन मुलीची आई असते, आणि तसल्याच कुठल्यातरी कोर्टावर संपतो. बड्यांच्या पंगतीत बसायची संधी तिला वर्षातून एकदाच, मे महिन्यात, घरी. आमची कमिटी तिला वाइल्ड कार्ड द्यायची, म्हणजे क्रमवारी न बघता थेट मुख्य फेरीत जागा. शामा पहिल्याच सामन्यात हरायची. कमिटीचे अध्यक्ष सी अनवर, 'सी' म्हणजे आमच्याकडे श्रीयुत, तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे, "अनुभव महत्त्वाचा" असं म्हणायचे आणि मंडळी जेवायला निघायची.

मी बाहिया, शामाची कोच; सगळे मला मानानं लल्ला, म्हणजे बाई, म्हणतात. ती माझ्या कमरेएवढी होती तेव्हापासून मीच तिच्यावर ओरडत आले आहे. माझ्या जिभेमुळे मला कमिटीवर कधी कोणी घेतलं नाही, आणि आयुष्यात मिळालेला एवढा एकच बहुमान मी जपून ठेवला आहे.

यंदा शामाला तेहतिसावं लागलं. उजवा गुडघा तर तिच्याही आधी म्हातारा झाला. जानेवारीत एकदा गुडघ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "लल्ला, मला मोठं काही नको. घरच्या कोर्टावर, मुख्य फेरीत, एक सामना जिंकायचाय. एकच. मग मला कुठे पुरायचं तिथे पुरा."

"आधी जिंक," मी म्हणाले. "खड्डा खणायला कमिटी आहे."

मी चेष्टेनं म्हणाले होते. कमिटी चेष्टेत काही घेत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सी अनवरांनी मला ऑफिसात बोलावलं. पुदिन्याचा चहा आला, बदामाची बिस्किटं आली. सी अनवरांनी बिस्किटं पुढे केली की समजावं, काहीतरी काढून घेणार आहेत.

"लल्ला बाहिया, आनंदाची बातमी. लिव्हिया ब्रांड्ट येतेय!"

लिव्हिया ब्रांड्ट म्हणजे एके काळची जगातली दोन नंबरची खेळाडू. जन्म कुठला ते तिलाच ठाऊक, पत्ता मोनाकोचा. नुकतीच रोमला पहिल्याच फेरीत हरली होती आणि पॅरिसच्या आधी तिला मातीवर दोन-चार सामने हवे होते.

"येऊ दे की," मी म्हणाले. "खुर्ची देऊ बसायला."

"तिला वाइल्ड कार्ड द्यावं लागेल."

"तीन आहेत ना आपल्याकडे?"

"एक प्रायोजकांनी आधीच मागून घेतलंय. एक आपल्या ज्युनियर चॅम्पियनला कबूल केलंय. उरलं शामाचं."

"उरलं म्हणजे? भाजीत कांदा उरतो तसं उरलं?"

"रागावू नका हो. शामाला आम्ही विसरलो नाही. तिला पात्रता फेरीचं कार्ड आहे. तीन सामने जिंकले की मुख्य फेरीत. आणि शिवाय..." इथे ते थांबले. स्वतःला आवडणाऱ्या वाक्याच्या आधी ते नेहमी थांबतात. "शिवाय तिचा भव्य सत्कार! मधल्या मोठ्या कोर्टावर. खुद्द वालीसाहेब येणार. मानचिन्ह देणार. निवृत्तीबद्दल."

"कोणाच्या निवृत्तीबद्दल?"

"शामाच्या."

"तिला माहीत आहे?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

मी बिस्किटांची अख्खी बशी पिशवीत रिकामी केली आणि उठले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण बिस्किटं चांगली होती.

मी शामाला सांगेपर्यंत उशीर झाला होता. सी अनवरांच्या बायकोनं शामाच्या आईला हमामात गाठून आधीच मिठी मारली होती. ख़ाल्ती तामूनं, म्हणजे तामूमावशीनं, शामाच्या आईनं, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं होतं. शहराचा वाली, म्हणजे राजानं नेमलेला सगळ्यात मोठा साहेब, आपल्या मुलीला हातानं काहीतरी देणार, यापुढे तिला टेनिस किस झाड की पत्ती होतं.

"आईला नाही म्हणू?" शामा मला म्हणाली. "तिनं शिंप्याकडे कफ्तान टाकलाय, लल्ला. मोरपंखी."

"मग काय करणार?"

"सत्कार मंगळवारी आहे. पात्रता फेरी रविवारी संपते. त्याआधी मी मुख्य फेरीत पोहोचले, तर कोणत्या तोंडानं माझी निवृत्ती करतील?"

बेत छान होता. शामानं पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्यात, शेवटच्या सेटच्या टायब्रेकमध्ये, एका चेक पोरीच्या चेंडूनं जाळीच्या पट्टीवर बसून जरा विचार केला आणि तो शामाच्या बाजूला पडला. संपलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं सामान भरलं आणि म्हणाली, "चला, कफ्तान घालून बघू."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी टेनिसवाल्यांना माहीत असते आणि कमिटीवाल्यांना नसते. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेली खेळाडू पुरती मेलेली नसते. मुख्य फेरीतल्या कोणी आपला पहिला चेंडू पडायच्या आत माघार घेतली, तर ती जागा या हरलेल्यांतल्या एकीला मिळते. तिला लकी लूझर म्हणतात. अट एवढीच की तिनं रोज सकाळी पंचप्रमुखांकडे जाऊन हजेरीची सही करायची, आणि बोलावलं की दहा मिनिटांत कोर्टावर उभं राहायचं. सोमवारी अशा पाच जणी होत्या. मंगळवारपर्यंत बाकीच्या चौघी पॅरिसच्या पात्रता फेरीकडे पळाल्या. पॅरिसला शामाला कोण विचारतंय? ती एकटीच उरली, भाजीतल्या कांद्यासारखी.

मंगळवारी सकाळी मी तिला दंडाला धरून सहीला नेलं. ती कुरकुरत होती.

"लल्ला, आज माझा निरोप समारंभ आहे. केसवाली घरी येऊन बसलीये."

"बसू दे. तिला बसायचेच पैसे मिळतात."

पंचप्रमुख बिर्गिट नावाची डॅनिश बाई होती. उंच, कोरडी, नियमाला पक्की. तिनं कार्यक्रमपत्रिका उचलून शामाकडे बघितलं. "यात छापलंय की तुम्ही निवृत्त झालात."

"त्यात वाऱ्याची मंद झुळूक असेल असंही छापलंय," मी म्हणाले.

बिर्गिटनं खिडकीबाहेर पाहिलं. शर्की सुटला होता. सामुद्रधुनीतून येणारा हा पूर्वेचा वारा टँजियरला एकदा लागला की मग तो झेंड्यांच्या काठ्या वाकवतो, दुकानांच्या पाट्या पाडतो आणि नव्या माणसाला दोन दिवसांत वेडं करतो. आम्हाला नाही करत. आम्ही आधीच झालेलो असतो. शामाला मी याच वाऱ्यात शिकवलं, टेकडीवरच्या नगरपालिकेच्या कोर्टावर, कारण शर्की असला की कोर्ट फुकट मिळायचं.

बिर्गिटनं सही घेतली. "निवृत्तीची माहिती खेळाडूनं स्वतः द्यायची असते," ती म्हणाली. "अशी माहिती माझ्याकडे नाही." ती बाई मला तिथल्या तिथे आवडली.

घरी जाऊन मी शामाला बजावलं, की कफ्तानाच्या आत टेनिसचा स्कर्ट आणि पायांत मातीच्या कोर्टाचे बूट.

"लोक हसतील."

"घोळ जमिनीपर्यंत आहे. दिसतंय कोणाला?"

"पण कशासाठी, लल्ला? कोण माघार घेणार आहे?"

"कोणी नाही. माझं समाधान. पंचवीस वर्षं माझं ऐकलंस, आज शेवटचं ऐक." आणि वर मी तिला आणखी दोन शिव्या दिल्या.

सत्कार लिव्हियाच्या सामन्याच्या आधी ठेवला होता. सी अनवरांचा हिशेब सरळ होता. लिव्हियाला बघायला लोक येतील, आणि आलेच आहेत तर भाषण ऐकतील. पत्रिकेत लिहिलं होतं, छोटेखानी कार्यक्रम. मधल्या कोर्टावर, नेटच्या बाजूला, थेट मातीवर गालिचे अंथरले होते. त्यावर सोनेरी खुर्च्या. वालीसाहेब आले. मोरपंखी कफ्तानात शामा आली. बायकांनी, लग्नात करतात तसा, जिभा हलवून असा काही जल्लोष केला की खाली बंदरात स्पेनला जाणाऱ्या बोटीवर ऐकू गेला असेल. एका छोट्या टेबलावर मखमलीच्या पेटीत पितळेचं मानचिन्ह होतं, चांगलं ताटाएवढं, नक्षीदार अरबीत कोरलेलं.

मी मुद्दाम खेळाडू आत येतात त्या बोळापाशी उभी राहिले. तिथे लिव्हिया ब्रांड्ट आणि तिची प्रतिस्पर्धी, एल्के नावाची बेल्जियमची मुलगी, अंग गरम करून, बॅगा खांद्याला लावून उभ्या होत्या. पाच मिनिटांत आत सोडतो, असं त्यांना सांगितलं होतं.

पहिले बोलले उपाध्यक्ष. मग प्रायोजक. मग एक माजी खेळाडू, जे शामाबद्दल बोलायला उठले आणि स्वतःच्या सगळ्या उपांत्य फेऱ्या सांगून बसले. मग शालेय मुलींचं गाणं. शर्कीनं ध्वनिक्षेपकातून निम्मे शब्द नेले, तरी उरलेले पुष्कळ होते. लिव्हियानं आधी जाकीट चढवलं. मग पायांवर टॉवेल गुंडाळला. तिच्या डोळ्यांत माती गेली. मग ती तिच्या कोचला काहीतरी म्हणाली. भाषा मला कळली नाही, पण सूर कळला. माझाही तोच असतो.

आणि मग सी अनवर उठले. त्यांच्या हातात कागद होते. अनेकवचनात.

"कारकीर्द म्हणजे काय?" त्यांनी वालीसाहेबांना विचारलं. वालीसाहेबांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी टँजियरच्या इतिहासापासून सांगायला घेतलं.

पोर्तुगीज येऊन, इंग्रज येऊन, दोघेही परत गेले, तेव्हा लिव्हिया मांडीवर हात ठेवून खाली बसली. तिच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. फिजिओ आली, तिनं मांडी दाबून पाहिली, बाहेर उडणाऱ्या छत्र्या पाहिल्या आणि गंभीरपणे मान हलवली. लिव्हिया बॅग उचलून निघाली. दुखऱ्या मांडीच्या मानानं भलतीच झपाझप चालत गेली. शामाची जागा काढून जिला दिली, तिला आमच्याच सत्कारानं पळवून लावलं होतं. शामाच्या निवृत्तीचा हा सत्कार!

बिर्गिट माझ्या बाजूनं गेली, गालिच्यावरून सरळ चालत सी अनवरांपाशी थांबली.

"एक मिनिट, मॅडम," सी अनवर ध्वनिक्षेपकातच म्हणाले. "शेवटचा मुद्दा आहे."

"ब्रांड्टनी माघार घेतली आहे," बिर्गिट म्हणाली. तेही सगळ्यांना ऐकू गेलं. "मिस तेमसमानी, तुम्ही आहात. दहा मिनिटं."

सी अनवर हातातल्या कागदांकडे बघत म्हणाले, "पण त्या तर निवृत्त..."

शामा उठली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बोटानं खाली, बुटांकडे खूण केली. मग शामानं कमरपट्टा सोडला, कफ्तान डोक्यावरून काढला, नीट घडी करून पहिल्या रांगेत बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवला आणि स्कर्ट सारखा करत म्हणाली, "सी अनवर, भाषण फार छान. आता तेवढे गालिचे उचला. मला खेळायचंय."

बायकांनी पुन्हा जिभा हलवल्या. या वेळी बंदरातल्या बोटीचं माहीत नाही, स्पेनमध्ये नक्की ऐकू गेलं.

गालिचे उचलायला खूप वेळ लागला. अंथरायला आलेली माणसं जेवायला गेली होती, म्हणून वालीसाहेबांच्या ड्रायव्हरनं एक टोक धरलं. सामन्याचं काय सांगू? एल्के चांगली खेळाडू होती, सरळ, ताकदीची. तिचा चेंडू वाऱ्यात सरळ जायचा आणि मग वाऱ्याचं ऐकायचा. शामाचा चेंडू वाऱ्याला आधी विचारून निघायचा. पहिला सेट शामाचा, दुसरा एल्केचा. तिसऱ्यात शामा गुडघ्यानं लंगडायला लागली. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. "पोरी, वाकू नकोस, तोडून टाक चेंडू, ड्रॉप दे, ड्रॉप!" असं ओरडणारी बाई कोण होती मला ठाऊक नाही. बिर्गिटनं मला ताकीद दिली. ती मी आनंदानं घेतली.

सामन्याच्या शेवटच्या गुणाला एल्केनं उंच चेंडू टाकला. सी अनवरांच्या कमिटीला इतिहास समजत असेल, शामाला शर्की समजत होता. चेंडू बाहेर जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. शामा मात्र पुढे धावत आली, कारण तो वाऱ्यानं परत येणार होता. आला. तिनं तो हलकेच रिकाम्या कोर्टात ठेवला.

ती मातीवर बसली ती उठेचना. मी कठड्यावरून उडी मारली. या वयात मारू नये. आम्ही दोघी रडलो, अगदी नाक गळेपर्यंत रडलो, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. मागे सी अनवर दूरदर्शनवाल्यांना सांगत होते, "स्थानिक गुणांना संधी द्यायची, हे आमच्या कमिटीचं धोरणच आहे."

गुरुवारी, दुसऱ्या फेरीत, शामा तासाभरात हरली. वारा पडला होता. शामाच्या पायांतही काही उरलं नव्हतं. सामान भरताना ती शांत होती. "लल्ला," ती म्हणाली, "चला, आता ते मानचिन्ह मागू."

"काय करायचंय ते?"

"मी म्हणाले होते ना, एकच. झालं की. आता घेते सत्कार. आईचाही जीव शांत होईल."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, कुणीतरी माझा हात कापून नेतंय, आणि मी "बरं" म्हणतेय. कारण पोरीचं बरोबर होतं. तिनं जे मागितलं ते तिला मिळालं होतं. जास्त मलाच हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

आम्ही सी अनवरांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी बिस्किटं पुढे केली. मी सावध झाले.

"मानचिन्ह ना? हो, हो. मिळेल. जरा पॉलिशला दिलंय."

"पितळ दोन दिवसांत काळं पडलं?" मी विचारलं.

एवढ्यात ख़ाल्ती तामू दार न वाजवता आत आली. तिच्या हातात भाचीचा फोन होता. चेहरा लाल.

"सी अनवर! माझ्या पोरीचं नाव त्या बाईच्या मांडीवर काय करतंय?"

फोनवर लिव्हिया ब्रांड्टचा फोटो होता. मोनाकोतली गच्ची, मागे निळा समुद्र, आणि लिव्हियानं दुखऱ्या मांडीवर आमचं पितळी मानचिन्ह आडवं धरलेलं. खाली तिनं लिहिलं होतं की टँजियरचं प्रेम ती विसरणार नाही. मानचिन्हावर मोठ्या, नक्षीदार अरबी अक्षरांत कोरलं होतं, 'शामा तेमसमानी हिला, तिच्या दीर्घ व तेजस्वी कारकिर्दीच्या समाप्तीनिमित्त, कृतज्ञतापूर्वक.' त्याखाली सगळ्या मोरोक्कोनं शुभेच्छा दिल्या होत्या. कोणी म्हणत होतं, दीर्घ कारकिर्दीबद्दल अभिनंदन शामाताई, केस कधी रंगवले?

सी अनवरांनी बिस्किटांची बशी स्वतःकडे ओढली. "गालिचे उचलत होते तेव्हा ती चालली होती हो," ते हळूच म्हणाले. "टॅक्सीत बसली होती. पाहुणी आहे, रागावून निघालीये, रिकाम्या हातानं कशी जाऊ द्यायची? हाताशी ती पेटी होती. मखमलीची. तिला अरबी कुठे वाचता येतं, असं वाटलं."

"तिला नाही," ख़ाल्ती तामू म्हणाली. "आम्हाला येतं!"

शामा फोनकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. इतकी हसली की गुडघा धरून खुर्चीत बसली.

"म्हणजे निवृत्ती तिला मिळाली," डोळे पुसत ती म्हणाली. "कागद तिच्याकडे, शिक्का तिच्याकडे. मग माझं काय, लल्ला?"

मी बिस्किटांची बशी सी अनवरांपुढून ओढून तिच्यापुढे सरकवली.

"मोनास्तीरची नावं कधीपर्यंत द्यायचीत?" तिनं विचारलं.

"सोमवारपर्यंत."

"टाका माझं."

"दुसरं करून देतो!" सी अनवर घाईनं उठले. "अगदी हुबेहूब. पंधरा दिवसांत. त्याहून मोठं करू. समारंभही परत करू."

शामानं बशीतलं एक बिस्किट उचललं, बॅग खांद्याला लावली आणि दारातून वळली.

"करा की, सी अनवर. माझं नाव कोरा. निवृत्तीची तारीख तेवढी रिकामी ठेवा, ती मी घालेन."